‘वय अधिक शंभर’ म्हणे!

मावशीने बीपीची गोळी बंद केली. कुणाला विचारून? व्हॉट्सअॅपवरच्या एका फॉरवर्डला. तो तुमच्याकडेही आला असेल, म्हणून फक्त सार सांगते. बीपी हा आजारच नाही, टेन्शन आणि अपुरी झोप यांचा परिणाम आहे. मन शांत ठेवा, आठ तास झोपा, गोळी सोडा. वय अधिक शंभर एवढं बीपी नॉर्मलच. गोळीची सवय लागते. घोरणं ही गाढ झोपेची खूण. मीठ सैंधवच खा. आणि हे सगळं परदेशी औषध कंपन्यांचं कारस्थान. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यात जे अर्धं खरं आहे ते आधी मान्य करून टाकते, कारण त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. टेन्शनने बीपी वाढतं, हो. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला की काहींचा आकडा चढतो, तो यामुळेच. झोपेचंही खरं आहे. रात्री झोपेत बीपी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरायला हवं. झोप सारखी मोडत असेल किंवा रात्रपाळी असेल तर ते नीट उतरत नाही, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की दिवसाचा आकडाही वर सरकू शकतो. तेव्हा झोपा, अवश्य झोपा. पण घराण्यातून आलेलं बीपी, वजन, मीठ, दारू, मूत्रपिंडाचे आजार यांचं काय? वयाने कडक झालेल्या धमन्या दुपारच्या वामकुक्षीने मऊ होत नाहीत. झोप सुधारली, ताण कमी झाला, तर आकडा थोडा उतरेलही आणि तो बघून डॉक्टर गोळी कमी करतील. डॉक्टर करतील. दहा जणांना पाठवणारा नव्हे.

आता ‘वय अधिक शंभर’. मावशी बहात्तर वर्षांची. म्हणजे वरचा आकडा 172 असला तरी तिने निर्धास्त राहायचं! गंमत अशी की नेमक्या अशाच माणसांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली आणि 1991 साली ती प्रसिद्ध झाली. ‘शेप’ नावाने ती ओळखली जाते. साठीच्या पुढचे 4,736 लोक, सरासरी वय 72, वरचा आकडा सरासरी 170, खालचा मात्र ठीक. फॉरवर्डच्या हिशोबाने यांतला सरासरी माणूस ठणठणीत. त्यातल्या निम्म्यांना क्लोरथॅलिडोन ही साधी, स्वस्त गोळी दिली, गरज पडली तर जोडीला दुसरी. उरलेल्यांना तशीच दिसणारी नकली गोळी. पाच वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा नकली गोळीवाल्यांत शंभरातल्या 8.2 जणांना पक्षाघाताचा झटका येतो असं निघालं, खऱ्या गोळीवाल्यांत 5.2. म्हणजे झटके छत्तीस टक्क्यांनी कमी. वयाबरोबर बीपी वाढतं हे खरं, पण वाढतं म्हणून ते निरुपद्रवी कसं ठरतं?

मावशी म्हणते, “अगं, पण मला आता छान वाटतंय.” वाटणारच. बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि तेवढ्यात मूत्रपिंडाचं, डोळ्याच्या पडद्याचं नुकसान चालू असतं. छान वाटणं हे माप नव्हे, माप यंत्रावर दिसतं.

गोळी सोडली की बीपी परत चढतं, म्हणजे म्हणे सवय लागली. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं, म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं म्हणायचं का? उलट काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडीन, अचानक तोडल्या तर बीपी पहिल्यापेक्षाही वर उसळू शकतं. बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर हृदयविकार असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतं. हा मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही, की ठाऊक असून लिहिलं?

घोरण्याचं वाचून तर मी कपाळाला हात लावला. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, मग दचकून श्वास घेणं, ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं. घशाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घटतो, शरीर घाबरून बीपी चढवतं, आणि रात्रभर हेच चालतं. माणूस आठ तास अंथरुणात असतो आणि सकाळी दमलेला उठतो. तीन-तीन गोळ्यांनीही बीपी आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर घोरण्याची चौकशी करतात ती उगाच नाही. झोपेचे गोडवे गाणाऱ्या मजकुराने नेमकी हीच गोष्ट उलटी सांगावी!

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड त्यातच धरायचे.

राहिलं परदेशी कारस्थान. कंपन्या नफा कमावतात, मी कुठे नाही म्हणते. पण बीपीवर काम करणारं औषध म्हणून सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती जगाच्या नजरेत आणून दिली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी, 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून. तिच्यातून पुढे रेसरपिन निघालं आणि कित्येक वर्षं जगभर वापरलं गेलं. कृपा करून आता कुणी सर्पगंधेच्या पुड्या मागवू नका. त्या औषधाने काहींचं मन इतकं खिन्न व्हायचं की चांगल्या गोळ्या आल्यावर डॉक्टरांनी ते बहुतांशी सोडून दिलं.