चाकं चार की सहा?

अमेरिकेत पिकअपच्या पाठीवर कॅम्पर, म्हणजे राहायची फिरती खोली, चढवायचं ठरलं की घरात एकच वाद पेटतो: मागे चाकं एकेरी की जोडीची? यावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि वजनकाट्याची पावती खिशात असलेला त्याहून कठीण.

माझं म्हणणं, आधी ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर बहुधा पिवळा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं. 'एक टनी' म्हणवणाऱ्या एकेरी चाकांच्या गाडीवर हा आकडा बहुधा 4,000 च्या आसपास असतो, जोडचाकीवर 5,000 च्या पुढे.

आता कॅम्परचं माहितीपत्रक. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे! छापील वजन 2,900, पण ते कोरडं. 40 गॅलन पाणी भरा, 335 वाढले. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या 75, दोन बॅटऱ्या 120, एसी आणि दाराबाहेर पसरायची छत्री 250, कपडे-भांडी-शिधा 500. दोन माणसं 330 (बायकोचं वजन विचारू नये, अंदाजाने धरावं). बेरीज 4,510. एकेरी चाकांचा हिशोब इथेच संपला. मग कुणीतरी एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगला टेकू देणाऱ्या हवेच्या पिशव्या, लावायला सांगतो. त्याने गाडीची खाली बसलेली पाठ वर येते, स्टिकरवरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

टायरचं गणितही तेच सांगतं. 275/70 मापाचा 18 इंची 'ई' भारश्रेणीचा टायर सुमारे 3,640 पौंड पेलतो; मागचे दोन मिळून 7,280. त्यातले 3,000 च्या आसपास रिकाम्या गाडीची पाठच खाते; उरले 4,280. जोडचाकीचा 245/75 मापाचा 17 इंची टायर एकटा असला तर 3,195 पेलतो, जोडीत 2,910. भार दोघांत सारखा वाटला जाईलच असं नाही, म्हणून जोडीत आल्यावर क्षमता घटते. (विवाहितांनी यावर बोलू नये.) तरी चार मिळून 11,640 होतातच.

जोडचाकीची खरी शिक्षा म्हणजे आतल्या टायरची हवा. बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालायचा, बोटांची सालं काढायची, गेज टेकवायचा. तो वाकडा बसला की फुस्स, मोजायला आलेली हवाच पसार. व्हॉल्व्हला लांब नळी लावावी, तर ती गळते. आतला टायर बसला तरी बाहेरून कळत नाही, कारण शेजारी गुपचूप सगळा भार उचलतो, तापतो आणि भर हायवेवर फुटतो. आपल्याकडचे क्लीनर टायरवर दांडा मारून आवाज ऐकतात, पण त्याने पार बसलेला टायर तेवढा सापडतो. 15 पौंड कमी हवा फक्त गेजच सांगतो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगडही रोज बघायचा. शिवाय जोडीतले दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. एक नवा, एक झिजलेला चालत नाही.

बर्फात, वाळूत एकेरी बरी. छोटा, छत वर उघडणारा कॅम्पर असेल तर तीच घ्यावी. भिंत बाहेर सरकणारा स्लाइड-आउट असला की वाद बंद, सहाच चाकं.

फक्त एक बघा: जोडचाकी मागून जवळजवळ 8 फूट रुंद. कॅम्परच्या पुढच्या जॅकना (ज्यांवर तो उतरवून उभा करतात ते पाय) बाहेर वळणारे ब्रॅकेट लावून घ्या. नाहीतर कॅम्पर चार पायांवर ऐटीत उभा, गाडी त्याच्याखाली शिरेना, आणि मागे उभी घरची मंडळी दोन्ही हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करतायत.