सगळं एकदम सुरू करू नका, प्लीज

शहर सोडून स्वतःची छोटी शेती सुरू करण्याबद्दल एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की पहिल्याच वर्षी कोंबड्या, शेळ्या, भाजीपाला, फळझाडं सगळं एकत्र लावा म्हणजे एकाचं खत दुसऱ्याला मिळतं. हे अजिबात पटलं नाही. चक्र खरंय, पण ते फिरायला लागेपर्यंतचा काळ लेखात कुठेच नाही. आम्ही उपनगरातलं घर सोडून असंच सगळं एकाच महिन्यात आणलं. पिल्लं आणली तर अंडी सुरू व्हायला 5-6 महिने लागतात, शेळी व्यायल्याशिवाय दूध नाही आणि गाभण राहिल्यापासून ते साधारण 150 दिवस, कलमी फळझाडालाही नीट फळ धरायला 2-3 वर्षं, म्हणजे खायला घालायचं सगळ्यांना आजपासून आणि हातात काहीच नाही.

आणि खताचं म्हणाल तर कोंबडीखत ताजंच घातलं आम्ही, वाफ्यातली रोपं जळून गेली, मुलांनी स्वतः लावलेली होती ती, फार वाईट वाटलं. त्यात नायट्रोजन जास्त असतो, सुका पालापाचोळा मिसळून काही महिने कुजवावंच लागतं. शिवाय दुभत्या शेळीची धार रोज काढावी लागते, आजारी असा नाहीतर कुठे लग्न असो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी फक्त माती, पाणी आणि 4-5 भाज्या करा. कोंबड्या दुसऱ्या वर्षी, आणि शेळ्या तर त्याच्याही नंतर.