निळ्या समुद्राचा दाखला

राजापूर तालुक्यातले माझे मामा गेली काही वर्षे फोनवर मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत: "तुमच्याकडे समुद्रातून एवढं तेल काढतात, तरी पाणी निळं कसं रे?" प्रश्न मुळात त्यांचा नव्हे. बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेल शुद्ध करणारी रिफायनरी यावी असे म्हणणाऱ्या कोणीतरी तो गावच्या बैठकीत टाकला, आणि भाचा नॉर्वेत असल्यामुळे उत्तर आणण्याची जबाबदारी मामांवर आली. मी स्टाव्हांगरला राहतो आणि तेलक्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. माझी चूल तेलावरच पेटते, तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते अलिप्त माणसाचे मत समजू नये.

पाणी निळे आहे, हे खरे. स्टाव्हांगर हे एकेकाळी सार्डिनसारखे छोटे मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचे गाव होते. १९६९ साली उत्तर समुद्रात एकोफिस्कचे तेल सापडले आणि त्यानंतर ते देशाच्या तेलव्यवसायाचे केंद्र बनले. १९७१ मध्ये नॉर्वेच्या संसदेच्या उद्योग समितीने तेलाविषयी दहा सूत्रे मांडली. तेलाबरोबर येणारा वायू, चाचणीचा अल्प काळ सोडला, तर नुसता जाळून टाकायचा नाही, हे त्यांतले एक. हा वायू पाइपलाइनने किनाऱ्यावर आणणे खर्चाचे असते आणि जाळणे फुकट, म्हणून जगातल्या अनेक तेलक्षेत्रांवर आजही रात्रंदिवस ज्वाळा दिसतात. १९९१ मध्ये नॉर्वेने कार्बनवर कर बसवला. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोठे होते. तो वेगळा करून हवेत सोडला असता, तर त्यावर कर भरावा लागला असता, म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात सोडला जाऊ लागला, वर्षाला सुमारे दहा लाख टन. हा निळेपणा कोणाला आयता मिळालेला नाही. १९७७ मध्ये एकोफिस्कच्या ब्राव्हो या समुद्रात उभारलेल्या तेलमंचावरून आठवडाभर तेल समुद्रात उसळत होते आणि १९८० मध्ये अलेक्झांडर कीलँड हा मंच उलटून १२३ माणसे गेली. आजचे बरेचसे कडक नियम त्या दोन घटनांनंतरचे आहेत.

एवढे सांगून थांबलो असतो, तर बैठकीतल्या त्या गृहस्थांना हवे ते उत्तर मिळाले असते. पण दाखला इथेच लंगडा पडतो. नॉर्वे तेल काढतो, ते शुद्ध करण्याचे काम मात्र बहुतांशी दुसऱ्यांवर सोपवतो. बर्गनच्या उत्तरेला मोंगस्टाड येथे या देशाची आता एकुलती एक रिफायनरी आहे. तिची क्षमता वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख टन आहे आणि देशात एका जागेवरून सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या ठिकाणांत तिची गणना होते. स्लागेनटांगेनची दुसरी रिफायनरी २०२१ मध्ये बंद होऊन तिथे आता फक्त आयात केलेले इंधन साठवले जाते. रत्नागिरीसाठी जो प्रकल्प आखला गेला, तो ६ कोटी टनांचा होता, म्हणजे पाच मोंगस्टाड एकाच तालुक्यात. विहिरीतून कच्चे तेल काढून जहाजात भरणे आणि तेच तेल तापवून, फोडून, गंधक काढून त्याचे पेट्रोल-डिझेल करणे, हे दोन अगदी वेगळे उद्योग आहेत. पहिल्याचे चित्र दाखवून दुसऱ्यासाठी जमीन मागणे ही माझ्या मते सरळ दिशाभूल आहे, मग ती अजाणतेपणी झालेली असली तरी.

रिफायनरीत काय घडते, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसे येतच नाही. येते ते एका बाजूने "लाखो रोजगार" आणि दुसऱ्या बाजूने "विनाश". कच्चे तेल आधी पाण्याने धुऊन त्यातले क्षार काढतात, आणि ते पाणी तेल व फिनॉल घेऊन बाहेर पडते. मग धुतलेले तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडले की हलके घटक वर आणि जड खाली असे वेगळे होतात: वर स्वयंपाकाचा गॅस, नाफ्ता आणि पेट्रोल, मध्ये रॉकेल, विमानाचे इंधन आणि डिझेल, तळाला डांबर आणि भट्टीचे तेल. तो गाळही पुढे फोडला, तर शेवटी पेटकोक हे कोळशासारखे घन इंधन उरते, ज्याच्या धुरामुळे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्ली परिसरात त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. आखाती तेल उत्तर समुद्रातल्या तेलापेक्षा बहुधा जड आणि गंधकयुक्त असते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या इंधनात गंधक दहा लाख भागांत दहाहून अधिक चालत नाही. शहरांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झाले, पण काढलेले ते गंधक रिफायनरीत जमा होते. ते पकडणारी यंत्रणा नीट चालली, तर पिवळ्या ढिगाच्या रूपाने विकता येते. ती बंद पडली, तर चिमणीतून सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर जाते. शिवाय साठवण टाक्यांच्या कडांतून, झडपांतून आणि जोडांतून बेंझिनसारखी रसायने हळूहळू उडत असतात. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही. हापूसच्या मोहोरावर काय परिणाम होईल, याची काळजी मामांना आहे आणि ती रास्त आहे. मला त्यांच्या स्वतःच्या श्वासाची अधिक आहे.

याचा अनुभव घ्यायला नॉर्वेपर्यंत येण्याची गरज नाही. मुंबईत माहुलला १९५० च्या दशकापासून रिफायनऱ्या आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून तिथल्या माणसांना माहुलच्या इमारतींत पाठवले गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, कोणावरही तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. पुढच्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेतल्या बाष्पशील रसायनांसाठी चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्या चार कंपन्यांपैकी काही सरकारी होत्या, म्हणजे कायदा पाळण्यात ज्यांनी पुढे असायला हवे त्याच. बैठकीत दाखला द्यायचाच, तर राजापूरपासून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या माहुलचा द्यावा.

आता विरोधकांना न आवडणारे. सड्यावर रिफायनरी नको म्हणणाऱ्या साखरी नाटे या मच्छीमार गावच्या होड्या डिझेलवरच चालतात, २०१६ नंतर उज्ज्वला योजनेत आलेल्या सिलिंडरमुळे कोकणातल्या अनेक घरांतला धूर कमी झाला, आणि पावसाळ्यानंतर ज्या रस्त्यांबद्दल आपण सगळे बोंब मारतो त्यांचे डांबर त्याच मनोऱ्याच्या तळातून येते. आमच्याकडे नको, याचा अर्थ व्यवहारात माहुलकडे राहू दे, असाच होतो. पण हीच लबाडी नॉर्वे कितीतरी मोठ्या प्रमाणावर करतो. २०२४ मध्ये इथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांतल्या जवळजवळ नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. माझी स्वतःचीही तीच आहे, आणि तिचा हप्ता मी तेलाच्या पगारातून भरतो. एक किलो तेलजन्य इंधन जळले की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू येऊन चिकटतात. हा वायू ज्या देशात इंधन जळते त्याच्या नावावर मांडला जातो, ज्याने तेल विकले त्याच्या नव्हे. इथून गेलेले तेल ज्या कोणत्या बंदरात उतरते आणि जळते, त्या देशाच्या वहीत तो धूर जमा होतो आणि त्याचे पैसे पुढच्या पिढ्यांसाठी राखलेल्या इथल्या सरकारी निधीत. नॉर्वेचा दाखला पूर्ण द्यायचा, तर तो असा द्यावा लागेल.

मग इथून घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, पण ते तंत्रज्ञानात नाही. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांच्या आसपास तेल असण्याची दाट शक्यता आहे, आणि तिथेच कॉड मासा अंडी घालायला येतो. तिथे उत्खनन करावे की नाही, यावर या देशात वर्षानुवर्षे वाद झाला. सरकारे बदलली, सत्तेसाठी पक्षांच्या वाटाघाटी झाल्या, आणि २०१९ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षानेही पाठिंबा मागे घेतला. मच्छीमार त्या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. समुद्रतळाची ध्वनिलहरींनी तपासणी करणाऱ्या जहाजावर मासेमारी जाणणारा माणूस असावा लागतो, असा इथे नियमच आहे.

आपल्याकडे काय झाले? रिफायनरी आधी राजापूरजवळच्या नाणारला येणार होती. तिथली अधिसूचना २०१९ मध्ये भाजप-शिवसेना युती टिकवण्यासाठी रद्द झाली, आणि ज्या शिवसेनेच्या आग्रहाने ती रद्द झाली तिच्याच मुख्यमंत्र्यांच्या पत्रातून २०२२ मध्ये बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले आणि गोष्ट अश्रुधुरापर्यंत गेली. हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे ज्या सड्यावर आहेत, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ज्यांचे नाव नुकतेच गेले होते, तिथे यंत्रे आधी पोचली आणि प्रश्नांची उत्तरे मागाहून येणार होती. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नंतर होईल, जनसुनावणी नंतर होईल, असे सांगण्यात आले. नियमाप्रमाणे तो क्रम चुकीचा नसेलही. पण त्याच नियमाप्रमाणे शेकडो पानांच्या अहवालाचा फक्त सारांश लोकभाषेत द्यावा लागतो. ज्याच्या विहिरीबद्दल अहवाल आहे त्याला तो वाचता येत नाही, आणि तरीही तो "गैरसमजातून" विरोध करतो असे म्हटले जाते, याची मला इथे बसून लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मामांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मध्ये एकदा चुलीवरचे दूध बघायला उठले. मी म्हटले, तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, पण एक मागणी दोघांनी मिळून करा: काही बांधण्याआधी एक वर्षभर, चारही ऋतूंत, तुमच्या हवेतले बेंझिन, विहिरी आणि सड्यावरचे झरे मोजून घ्या, आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला लावा. आधीचे आकडेच नसतील, तर उद्या काही बिघडले तरी बिघडले हे सिद्ध करता येणार नाही.

"आणि मोजायचं कोणी?" मामांनी विचारले. "कंपनीने की सरकारने?"

मी म्हटले, दोघांनीही नाही. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बैठक मंगळवारी आहे, तेव्हा विचारून बघतो.