‘पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला’ हा मेसेज थांबवा

डिझेल गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर दम सोडत असेल तर टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला समजा, आणि टाकीत दोन लिटर पेट्रोल टाका, असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

परवाच वर्धा रोडवरून एक भाऊ गॅरेजवर टर्बो बदलायच्या तयारीनं आले. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी एकदम शांत, पण लोड आला की फुस्स आवाज अन् काळा धूर. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप हातानं पिळून पाहिला, तर खालच्या बाजूनं बोटभर चीर, भोवती तेलकट काळपट थर. प्रेशर आलं की चीर उघडायची. टर्बो ठणठणीत!

आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट कोड बघा. मग डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, व्हॅक्यूमची नळी, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप). बहुतेकदा इथंच सापडतं.

पेट्रोलचं तर नावच नको. कॉमन रेलचा (आजच्या डिझेल इंजिनात प्रचंड दाबानं इंधन पुरवणारी यंत्रणा) पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोलनं तो घासला जातो, त्याचा लोखंडी कीस इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. टाकलंच असेल तर गाडी सुरू करू नका, टाकी रिकामी करून घ्या.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.