ताई, पाणी आमच्या जोडणीमुळेच सांडलं

ताई, तुम्ही एकच स्टार दिलात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांत दोनदा हॉलमध्ये माशांच्या टाकीचं खारं पाणी झालं, रात्रभर पाईप गुडगुडतो, दुकानात फोन केला तर "व्हॉल्व्ह जरा दाबून बघा" एवढंच सांगतात, आणि पंपच खराब दिला असणार. शनिवारी मी स्वतः येऊन टाकी बघितली. पंप चांगला आहे. चूक आमच्या जोडणीत होती, आणि फोनवर दिलेला सल्ला तर त्याहून वाईट होता.

पहिल्यांदा सांडलं ते पावसात लाईट गेली त्या रात्री. लाईट गेली की पंप थांबतो, आणि ज्या पाईपातून पाणी वर चढत होतं त्याच पाईपातून ते उलटं खाली यायला लागतं. नोझलच्या, म्हणजे पाईपाच्या टाकीतल्या टोकाच्या, तोंडाशी हवा लागेपर्यंत ते थांबत नाही. तुमचं नोझल आमच्या पोरानं पाण्याखाली ६ सेंटीमीटर ठेवलं होतं. १२० बाय ४५ ची टाकी म्हणजे १ सेंटीमीटर पाणी उतरलं की ५.४ लिटर, ६ सेंटीमीटरला ३२ लिटर झाले. खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पंपासाठी पाणी साठतं त्या छोट्या टाकीत, जागा होती जेमतेम २० लिटरची. उरलेलं तुमच्या फरशीवर. सायफन, म्हणजे पाण्याची ही उलटी ओढ, तुटावा म्हणून पाईपला बारीक भोक पाडलेलं होतं, पण मी काडी घालून बघितली तर ते शेवाळानं पार बुजलं होतं. नुसत्या भोकाच्या भरवशावर टाकी सोडायची नसते, हे आम्हाला कळायला हवं होतं.

दुसऱ्यांदाचं मला जास्त लागलं. तुमच्या ओव्हरफ्लोला, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी सम्पकडे पडतं त्या जागेला, खाली जाणारा पाईप एकच. हवा आणि पाणी एकत्र ओढलं जातं म्हणून तो गुडगुडतो. आवाज कमी व्हावा म्हणून आमच्याकडून तुम्हाला बॉल व्हॉल्व्ह दाबायला सांगितलं गेलं. एकुलता एक पाईप असा आवळायचा नसतो, कारण तो तुंबला तर पाण्याला दुसरी वाटच नाही. शनिवारी व्हॉल्व्ह खोलला तेव्हा त्यात वाटाण्याएवढी गोगलगाय अडकलेली निघाली, तुम्ही बघितलीतच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असता तर ती बहुधा सम्पमध्ये वाहून गेली असती. पाईपाच्या तोंडाला जाळी असती तर आत गेलीच नसती. जाळी आम्ही लावली नव्हती.

आता काय करणार ते सांगतो. तळाची काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली आहे, तिला नवीन भोक पाडता येत नाही, फुटते. पण ओव्हरफ्लो बॉक्समध्ये भोकं दोन आहेत, आणि एक आम्ही उगाच रिटर्नला, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाईपाला, वापरलं. रिटर्न मागून कडेवरून घेतो. मग दोन्ही भोकं पाणी उतरायला मिळतात. एक पाईप कायम पाण्यानं भरलेला, गेट व्हॉल्व्हवर बसवलेला; त्यात हवाच शिरत नाही, म्हणून आवाज नाही. दुसऱ्याचं तोंड थोडं वर आणि तो पूर्ण मोकळा, पहिला तुंबला तर सगळं पाणी पेलणारा. त्याला व्हॉल्व्ह लावू देऊ नका, उद्या मी म्हटलं तरी. नोझल दीड सेंटीमीटरवर आणतो, म्हणजे लाईट गेल्यावर साधारण ८ लिटर उतरेल, शिवाय बॉक्स आणि पाईपातलं थोडं. पंप चालू असताना सम्पमध्ये पाणी कुठपर्यंत असावं, तिथं काचेवर मार्करनं रेघ मारून देतो. चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, तुम्ही विचारला होता. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेत कचरा आणि क्षार बसतात, मग ती नीट मिटत नाही. त्यावर विसंबू नका.

आणखी एक. सांडलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही आरओचं पाणी घातलंत. रोज आटतं त्यासाठी ते बरोबर, कारण आटताना मीठ मागेच राहतं. सांडताना मीठही जातं. पाण्याची घनता, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ वरून १.०२३ वर आली आहे. एकदम चढवायची नाही, क्लाउनफिशपेक्षा कोरलला त्याचा त्रास. मीठ मी आणतो, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवू.

पूर्ण पैसे परत मागितलेत. टाकी, पंप, सम्प यांत दोष नाही, त्यामुळे ते पैसे परत देणार नाही, हे इथंच सांगतो. जोडणीची मजुरी परत देतो. नवे पाईप, व्हॉल्व्ह, जाळी आमच्याकडून. कॅबिनेटचा तळाचा प्लाय फुगून पापुद्रे सुटलेत, तोही बदलून देतो.

गुरुवारी दुपारी ३ ला येतो. काम झालं की तुमच्यासमोर पंपाचा स्विच बंद करीन, पाणी उतरायचं थांबेपर्यंत बघू. मग पंप चालू करून भरलेला पाईप मुद्दाम बंद करीन, मोकळा पाईप सगळं पाणी पेलतो का ते बघायला. फरशीवर थेंब पडला तर त्या दिवशी मी तिथून हलणार नाही.