पॉईंट घासा

परवा मी एका अनोळखी माणसाला त्याच्या अर्धा लिटर दुधाचे 35 रुपये भरून दिले. अजून जीव जळतोय.

झालं असं, की दांडेकर पुलाच्या सिग्नलला माझी 1984ची प्रीमियर पद्मिनी बंद पडली. खोकली नाही, कण्हली नाही, थेट गेलीच. कडेला ढकलली, बॉनेट उघडलं आणि खांद्याशी आवाज आला, "पॉईंट घासा."

बर्म्युडा, बंडी, एका हातात दूध, दुसऱ्यात कोथिंबीर.

"पॉईंट नाहीत, काका. इलेक्ट्रॉनिक बसवलंय."

काकांनी दुधाची पिशवी बॉनेटखालीच कुठेतरी टेकवली. म्हणजे मुक्काम. "काढलेत? कोणी सांगितलं होतं?"

मीही मूर्ख, समजवायला गेलो. पॉईंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे धातूचे दोन छोटे ठिपके. इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्या झाल्या की पॉईंट सहा हजार वेळा उघडझाप करतात, जळतात, त्यांच्यातली फट बदलते, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकतं. आता तिथे नुसतं चुंबकाचं कडं फिरतं. घासायला काही नाही, झिजायला काही नाही.

"आणि बंद पडायला?"

एक रिक्षावाला हसला. तो का थांबला होता कोण जाणे.

"काडेपेटीची कड दोनदा घासायची, व्हिजिटिंग कार्ड घालून फट बघायची, की गाडी थेट महाबळेश्वर!"

"तुमच्याकडे पद्मिनी होती?"

"छे! साडूकडे. बॅटरी मी धरायचो." मग फर्मान सुटलं, "डेल्को उघडा."

आता हा डेल्को. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगीची वीज प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या डब्याचं, हे गॅरेजमधलं नाव. पॉईंट त्याच्याच पोटात असतात. 1909 साली अमेरिकेतल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंगने कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. तिची ही आद्याक्षरं. पॉईंटची ही पद्धत त्याचीच, कॅडिलॅकसाठी केलेली. कोथिंबिरीची जुडी नाचवत पुण्यात कोणी आपल्या कंपनीचा उद्धार करेल, असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

तेवढ्यात चर्र झालं. पिशवी तापलेल्या इंजिनावर टेकली होती. पुढचं सांगत नाही. काका म्हणाले, "गाडी तुमची." रिक्षावाला म्हणाला, "बरोबर आहे."

मॉड्यूल, म्हणजे पॉईंटच्या जागी बसवलेलं ते इलेक्ट्रॉनिक, जळालं होतं. आदल्या रात्री चिरंजीव इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून गाडीत गाणी ऐकत बसले होते. दुकानदार म्हणाला, "वॉरंटीत बसत नाही. पाकिटावर लिहिलंय." लिहिलंय खरं, मुंगीनेही चष्मा मागावा एवढ्या अक्षरांत. पॉईंट महिनाभर आधी कुरकुर करतात हो! सकाळी गाडी उशिरा उठते, पिकअप जातो, माणूस सावध होतो. हे मेलं अवाक्षर न काढता जातं. घरातलं वॉशिंग मशीन तसंच, फ्रीज तसाच. दुरुस्तीवाला येतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "कार्ड गेलंय." दुरुस्ती नाहीच, नवीन घ्या. मग हा पान्हे कशाला घेऊन फिरतो?

शेवटी डिकीतल्या डबीत जपलेले जुने पॉईंट मिस्त्रींनी बसवले. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पातं फटीत घातलं, ते किंचित अडखळत सरकलं, तसा त्यांनी स्क्रू आवळला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

फक्त तापली की बासुंदीचा वास येतो.