सॅटर्न-५ चे आराखडे नष्ट झालेले नाहीत

‘चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचे आराखडे नासाने नष्ट केले’ असा संदेश फिरतो आहे. हे खोटे आहे. आराखडे नासाच्या मार्शल अंतराळ केंद्रात मायक्रोफिल्मवर (कागदपत्रांची छोटी छायाचित्रे असलेल्या फिल्मवर) आहेत आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सरकारी अभिलेखागारात सुमारे २,९०० घनफूट कागदपत्रे जपलेली आहेत. पुसल्या गेल्या त्या बहुधा अपोलो-११ या चांद्रमोहिमेच्या मूळ टेलिमेट्री टेप, म्हणजे यानाकडून आलेले संदेश साठवलेल्या टेप; तसा निष्कर्ष नासानेच २००९ मध्ये जाहीर केला. ती हानी खरीच, मनाला लागणारी. पण या दोन गोष्टींची गल्लत नको. उड्डाणांचे तांत्रिक अहवाल तर स्कॅन करून नासाच्या टेक्निकल रिपोर्ट्स सर्व्हर या संकेतस्थळावर ठेवले आहेत. अपोलो-११ च्या रॉकेटचा अहवाल तिथे कोणालाही फुकट वाचता येतो.